देवीच्या विषाणूच्या उरलेल्या कुप्या : नष्ट कराव्यात का?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

थोरल्या आत्याला सहाव्या वर्षी देवी आल्या. साल १९४१, गाव सांगलीपासून दोन कोसांवर. तिच्या पाठचा भाऊ साडेतीन वर्षांचा होता, तो त्यातच गेला. आत्या वाचली. डाव्या डोळ्यात फूल पडलं, चेहऱ्यावर वण राहिले. घरात तेव्हा किती दिवस फोडणी घातली नव्हती, दाराला कडुनिंबाचे डहाळे कसे बांधले होते, आजी शितळादेवीला गार दहीभाताचा नैवेद्य कशी दाखवायची, हे सगळं तिनेच आम्हाला सांगितलं. तिचं लग्न झालं नाही. दोनदा पाहुणे बघायला येऊन गेले, तिसऱ्यांदा तिनेच नको म्हणून सांगितलं. मागच्या श्रावणात ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मी या रोगाबद्दल वाचायला बसले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की जो रोग संपला असं आपण शाळेपासून शिकलो, त्याचा विषाणू आजही दोन ठिकाणी गोठवून ठेवलेला आहे. एक अमेरिकेत, अटलांटाच्या रोग नियंत्रण केंद्रात. तिथे साडेचारशेच्या आसपास नमुने आहेत. दुसरं रशियात, नोवोसिबिर्स्कजवळ कोल्त्सोवो इथल्या व्हेक्टर या संस्थेत, तिथे १२० च्या आसपास.

८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं. १९७६ साली जगात पंचाहत्तरच्या आसपास प्रयोगशाळांकडे हा विषाणू होता. मग एकेकाने जाळला किंवा सोपवला. ब्रिटनने आपले नमुने अटलांटाला दिले, दक्षिण आफ्रिकेने १९८३ च्या अखेरीस नष्ट केले, आणि उरले हे दोघे. त्यांनीही नष्ट करायचं ठरलं होतं. पहिली तारीख १९९३ ची अखेर. ती पुढे ढकलून जून १९९५. मग ३० जून १९९९. मग २००२. त्यानंतर संशोधन पूर्ण होईपर्यंत असं ठरलं आणि तारीखच उरली नाही.

मला टोचतं ते वेगळंच आहे. अमेरिकेत देवीचे शेवटचे रोगी १९४९ साली झाले. सोव्हिएत संघाने तर त्याआधीच, तीसच्या दशकात, आपल्याकडची साथ संपवली होती. म्हणजे या कुप्यांमधल्या खपल्या आणि पू बहुतेक त्यांच्या माणसांचे नाहीत, ते आपल्यासारख्यांचे आहेत. ज्या विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम, म्हणजे त्याच्या डीएनएमधल्या अक्षरांची पूर्ण ओळ, १९९३ साली रशियन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला त्या नमुन्याचं नाव ‘भारत-१९६७’. त्यानंतर अमेरिकेतून आला तो ‘बांगलादेश-१९७५’. ज्यांची मुलं गेली त्यांना विचारायचं नाही, आणि ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी ठरवायचं, हे मला पटत नाही.

माझं मत: नष्ट करा, आणि तारीख ठरवून करा. इथे डॉक्टर आहेत, संशोधक आहेत. माझं कुठे चुकत असेल तर सांगा.


सह्यकडा (सोमवार, रात्री ९.४५)

ताई, आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. मुद्द्याशी पूर्ण सहमत. नेमकी माहिती हवी म्हणून विचारतो: ठेवायचंच म्हणणाऱ्यांचं कारण काय? लस तर १७९६ पासून आहे. मग जिवंत विषाणू कशाला लागतो?


दूरदेशी (सोमवार, रात्री ११.३०)

मी गेली अठरा वर्षं अमेरिकेत विषाणूशास्त्रात काम करतो. देवीच्या विषाणूला कधी हात लावलेला नाही, पण त्याच्या कुटुंबातल्या विषाणूंवर काम केलंय. तुमच्या आत्यांना मनापासून नमस्कार करून मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण कुणीतरी ती नीट मांडायला हवी.

सह्यकडा, लसीसाठी देवीचा विषाणू लागत नाही हे अगदी बरोबर. लसीत व्हॅक्सिनिया नावाचा वेगळा, त्याच घराण्यातला विषाणू असतो. अडचण औषधांची आहे. टेकोविरिमॅट हे देवीसाठीचं पहिलं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ब्रिन्सिडोफोविर २०२१ मध्ये. जगात देवीचा रोगीच नसल्यामुळे ती माणसातल्या देवीवर तपासता येत नाहीत. मग काय केलं? मंकीपॉक्स झालेली माकडं, रॅबिटपॉक्स झालेले ससे यांच्यावर परिणाम पाहिला, आणि निरोगी माणसांवर फक्त सुरक्षितता. खऱ्या देवीच्या विषाणूवर औषध चालतं का, हे पेशींमध्ये तपासायला खरा विषाणूच लागतो.

आता ताजी गोष्ट. काँगोमध्ये मंकीपॉक्सच्या जवळपास ६०० रोग्यांवर टेकोविरिमॅटची रीतसर चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला. औषधाने फोड लवकर बरे झाले नाहीत. माकडात चाललेलं औषध माणसात अपेक्षेप्रमाणे चाललं नाही. उद्या देवी परत आली आणि आपल्याकडे हेच एक औषध असलं तर? १९८० नंतर जन्मलेल्या जवळजवळ कुणालाच देवीची लस मिळालेली नाही, म्हणजे जगातली अर्ध्याहून जास्त माणसं उघडी आहेत. अशा वेळी शत्रूचा एकमेव खरा नमुना आपणच जाळायचा, याला मी शहाणपण म्हणू शकत नाही.


सह्यकडा (मंगळवार, सकाळी ७.५५)

पण ती परत येणार कुठून? त्या दोन फ्रीजमधूनच ना?


अभ्यासवर्ग (मंगळवार, सकाळी १०.२०)

सह्यकडा, दोन फ्रीज हे कागदावरचं उत्तर. १ जुलै २०१४ ला अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एका जुन्या शीतखोलीत खोके सापडले. त्यात सहा कुप्यांवर देवीच्या विषाणूचं नाव, साल १९५४. साठ वर्षं त्या तिथे होत्या आणि कुणालाच माहीत नव्हतं. तपासल्यावर दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लोकांसमोर त्या नष्ट केल्या. हे घडलं ते जगातल्या सगळ्यात जास्त नोंदी ठेवणाऱ्या देशात. बाकी ठिकाणी जुन्या डीप फ्रीजच्या तळाशी काय आहे, कोण शपथेवर सांगेल?

आणि याहून मोठी गोष्ट: कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या डेव्हिड एव्हान्स यांच्या गटाने हॉर्सपॉक्सचा, म्हणजे देवीच्याच घराण्यातला घोड्यांचा विषाणू डीएनएचे तुकडे टपालाने मागवून नव्याने जोडला. २०१८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, खर्च सुमारे एक लाख डॉलर. देवीचा जनुकक्रम, सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरं, तीस वर्षांपासून कुणालाही वाचता येतो. दोन संस्था सोडून कुणीही या जनुकक्रमाचा २० टक्क्यांहून जास्त भाग जवळ ठेवू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, पण नियम हा नियम मानणाऱ्यालाच लागू पडतो.

म्हणून माझं मत असं की जाळल्याने फार काही होत नाही आणि ठेवल्यानेही फार काही होत नाही. सगळी शक्ती लसीच्या साठ्यावर लावावी.


बर्मिंगहॅमकर (मंगळवार, दुपारी ३.१५)

“ठेवल्याने फार काही होत नाही” हे वाक्य मी राहतो त्या शहरात तरी कुणी म्हणू नये.

जगातला देवीचा शेवटचा रोगी सोमालियातला नव्हे, इथला. अली माव मालिन, मर्का गावातल्या इस्पितळाचा स्वयंपाकी, त्याला ऑक्टोबर १९७७ मध्ये देवी झाल्या. निसर्गात झालेली ती शेवटची लागण. तो बरा झाला, पुढे त्याने पोलिओच्या मोहिमेत काम केलं आणि २०१३ मध्ये मलेरियाने गेला. पण १९७८ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाईंना ताप आला, अंगावर पुरळ आलं. वय चाळीस. त्यांची खोली देवीवर संशोधन चालणाऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर. विषाणू त्यांच्यापर्यंत कसा पोचला, हवेतून की स्पर्शातून, यावर अजून एकमत नाही. ११ सप्टेंबरला त्या गेल्या. आईला सौम्य देवी आल्या, ती वाचली. वडील विलगीकरणात असताना हृदय बंद पडून गेले. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक हेन्री बेडसन यांनी त्याच दिवसांत आत्महत्या केली.

एका घरातली दोन माणसं, एक संशोधक. रोग जगातून गेल्यानंतर दहा महिन्यांनी. आणि त्या प्रयोगशाळेचं काम वाईट नव्हतं, उलट निर्मूलनाला उपयोगी पडावं म्हणूनच चाललं होतं. बेडसन बेफिकीर होते असं मला म्हणायचं नाही. चांगल्या हेतूने, जाणत्या माणसाच्या हाताखाली, नामांकित विद्यापीठात हे झालं, म्हणून मला भीती वाटते. या एका घटनेनंतर बाकीच्या प्रयोगशाळांनी आपापल्या कुप्या भराभर सोडून दिल्या, हेही लक्षात घ्या.


दूरदेशी (मंगळवार, रात्री ८.४०)

बर्मिंगहॅमकर, मान्य. पण १९७८ ची ती खोली आणि आजची सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज तिथे हवेचा दाब आतल्या बाजूला कमी ठेवतात, काम करणारा बाहेरून हवा पुरवलेल्या बंद पोशाखात असतो, बाहेर पडताना रसायनाच्या फवाऱ्याखाली उभं राहावं लागतं. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतही अशी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे.


सह्यकडा (मंगळवार, रात्री ९.०५)

दादा, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. पण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच व्हेक्टरच्या इमारतीत दुरुस्ती चालू असताना गॅसचा स्फोट झाला होता. विषाणू असलेल्या खोल्यांपासून दूर झाला, काही बाहेर पडलं नाही, हे मी वाचलंय. तरी झाला तर होता. आणि यंत्र कितीही चांगलं असो, माणसाच्या हेतूचं काय?

सोव्हिएत जैविक शस्त्र कार्यक्रमात वरच्या पदावर असलेले केन अलीबेक १९९२ मध्ये अमेरिकेत गेले. १९६७ साली भारतातून नेलेला देवीचा विषाणू तिथे शस्त्रासाठी निवडला गेला, असं त्यांनी सांगितलंय. त्यांचं सगळं खरं धरू नका. पण १९७१ मध्ये अरल समुद्राकाठच्या अराल्स्क गावात दहा जणांना देवी झाल्या, तिघे दगावले, आणि समुद्रातल्या बेटावर शस्त्रांची चाचणी होत होती. आपल्या रोग्याच्या अंगावरची खपली कुणी औषधासाठी म्हणून घेऊन जातो आणि तिचं काय होतं ते पुढच्या पिढीला कळतं.


बेलपान (बुधवार, सकाळी ६.३०)

मी धागा काल रात्री दोनदा वाचला. माझे वय ७६. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. देवी मोहिमेच्या शेवटच्या वर्षांत मी तालुक्यात घरोघर शोध घ्यायला फिरलो आहे. संशोधनातले मला कळत नाही. पण रोग कसा गेला हे इथे कुणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

१९७३ च्या शरद ऋतूपासून देशभर शोध सुरू झाला. त्याआधी धोरण असे होते की जास्तीत जास्त लोकांना देवी काढायच्या, म्हणजे लस टोचायची. टक्केवारी भरायची. ती भरली तरी साथ थांबत नव्हती, कारण ज्यांना टोचले त्यांनाच परत टोचले जायचे आणि पालावरची, वीटभट्टीवरची, रेल्वेच्या कडेची माणसे राहून जायची. मग पद्धत बदलली. रोगी शोधायचा, त्याला घरातच वेगळा ठेवायचा, दारावर माणूस बसवायचा, आणि भोवतीच्या प्रत्येक घरात टोचायचे. आमच्याकडे एक चित्राचे कार्ड असायचे, देवी झालेल्या बाळाचा फोटो. बाजाराच्या दिवशी आम्ही पारावर, चहाच्या टपरीवर, शाळेत ते दाखवायचो. मुलांना विचारायचो, असा रोगी कुणी पाहिला आहे का. मुले खोटे सांगत नाहीत आणि गल्लीतले सगळे त्यांना ठाऊक असते.

शेवटी शेवटी भिंतींवर गेरूने लिहिलेले असायचे, “देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा”. पहिल्यांदा बक्षीस पन्नास होते, मग शंभर, मग हजार. हजार म्हणजे माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढे. लोक धावत यायचे. आम्ही सायकलवरून जायचो आणि दर वेळी कांजिण्या निघायच्या. ओळख सोपी होती. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर जास्त, तळहात-तळपायांवरही, आणि एका भागातले सगळे एकाच वेळी पिकणारे. कांजिण्यांचे पोटा-पाठीवर जास्त, काही नवे काही सुकलेले. शेकडो कांजिण्या पाहिल्या. देवीचा एकही नाही. त्या वेळी ते कंटाळवाणे वाटले होते, पण तोच तर मोहिमेचा निकाल होता.

१९७४ साली देशात १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले, सगळ्यात जास्त बिहारात. मृत्यू ३१ हजारांवर. आणि मे १९७५ मध्ये शेवटचा रोगी, आसामात करीमगंजच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली सैबान बीबी. बांगलादेशातून आलेली. एका वर्षात एवढा फरक पडला.

या सगळ्यात औषध नव्हते. विषाणूचा जनुकक्रम कुणाला माहीत नव्हता. दोन टोकांची सुई, कोरडी केलेली लस जी उन्हात टिकते, आणि चालणारी माणसे. लसही मोठ्या प्रमाणात सोव्हिएत संघाने दिलेली, हेही खरे आहे, सह्यकडा यांनी लिहिले त्याच्या जोडीला हेही लिहिले पाहिजे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवी काढली. ती लस बगदाद-बसऱ्यावरून आली होती. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलाला, तिथून पुण्याला. तेव्हापासून १७३ वर्षे लागली.

उद्या देवी परत आल्या तर कुप्यांतल्या विषाणूने त्या थांबणार नाहीत. कार्ड घेऊन फिरणाऱ्या माणसाने थांबतील. माझे मत नष्ट करावे.


दूरदेशी (बुधवार, सकाळी ११.५०)

काका, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. एक गोष्ट मी काल अर्धीच सांगितली होती, ती पूर्ण करतो, कारण ती तुमच्या बाजूची आहे. काँगोच्या त्या चाचणीत औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत मिळून मृत्यू १.७ टक्के झाले. त्या भागात मंकीपॉक्सने एरवी ३.६ टक्के किंवा त्याहून जास्त जातात. चाचणीतल्या सगळ्यांना दाखल करून नीट पाणी, अन्न, जखमांची काळजी मिळाली होती. म्हणजे फरक शुश्रूषेने पडला.

पण एक शंका आहे. तुमच्या वेळी लोकांच्या अंगात आधीच्या लसीचं थोडंफार संरक्षण होतं. आज नाही. शिवाय ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही असलेले, अवयवरोपण झालेले, अशांना जुनी जिवंत लस देता येत नाही. त्यांच्यासाठी नवी सुरक्षित लस आहे, २०१९ मध्ये मंजूर झालेली, पण तिचा पुरवठा किती तुटपुंजा हे २०२२ आणि २०२४ च्या मंकीपॉक्सच्या साथींत आफ्रिकेने भोगलंय. अशा माणसांसाठी औषध हवंच. म्हणून मी अजून ठेवण्याच्याच बाजूला आहे, मात्र कालच्याइतका ठामपणे नाही.


गोठा_आणि_दवाखाना (बुधवार, दुपारी १.४०)

मी पशुवैद्य, सोलापूर जिल्हा. जगातून माणसाने पूर्ण घालवलेले रोग दोन. देवी हा एक, दुसरा आमचा: बुळकांडी. तिची गोष्ट इथे फार कामाची आहे.

बुळकांडीने गावंच्या गावं बैलांविना बसायची. तोंडात छाले, डोळ्यांना पाणी, रक्ताची हगवण, आठवडाभरात जनावर खलास. १८८९ साली पुण्यात सरकारी जीवाणू प्रयोगशाळा उघडली ती मुख्यतः या रोगासाठी, पुढे ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला गेली. तिथल्या शेळीत वाढवलेल्या लसीने देशातली लाखो जनावरं वाचली. भारतात शेवटची साथ १९९५ मध्ये. २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं.

मग तोच प्रश्न आला: कुप्यांचं काय? ब्रिटनच्या पिरब्राइट संस्थेकडे जगातला सर्वात मोठा साठा होता, तीन हजारांहून जास्त कुप्या. त्यांनी आधी प्रत्येक वेगळ्या नमुन्याचा जनुकक्रम वाचून घेतला आणि मग २०१९ मध्ये आपला साठा जाळून टाकला. ज्ञान कागदावर राहिलं, धोका भट्टीत गेला. बाकीच्या देशांतल्या काही संस्थांकडे अजून आहे, त्यांच्यामागे जागतिक संघटना लागल्यात.

देवीच्या बाबतीत असं का नाही? २००६ मध्ये ४५ नमुन्यांचे पूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झालेत. उरलेले वाचा, नोंदवा, संपवा.

आणखी एक. आमच्याकडे म्हशींच्या सडांवर फोड येतात, धार काढणाऱ्याच्या हातावरही उठतात. २००९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात चांगली साथ होती. हा म्हशीचा विषाणू व्हॅक्सिनियाचाच भाऊबंद, देवीच्या लसीतून जनावरांत शिरला असावा असं मानतात. म्हणजे देवी गेली तरी तिचं घराणं गोठ्यात आहेच. त्याच्यावर काम करायला जागा भरपूर आहे. धार काढणाऱ्या बाईला जे होतं त्यावर कुणी लक्ष दिलं तर मला जास्त आनंद होईल.


अभ्यासवर्ग (बुधवार, दुपारी ४.३०)

डॉक्टरसाहेब, उत्तम माहिती. पण जनुकक्रम ठेवून कुप्या जाळल्या तर अल्बर्टाची वाट उघडीच राहते. जोडायची कृती ठेवून वस्तू जाळण्याने काय साधलं?


कृष्णाकाठ (बुधवार, रात्री ८.१५)

अभ्यासवर्ग, या तुमच्या प्रश्नावर मी दिवसभर विचार करतेय. साधतं असं: आज कुणाकडे देवीचा विषाणू सापडला तर तो म्हणू शकतो की त्या दोघांकडे आहे, मग आमच्याकडे असला तर काय बिघडलं. सगळ्यांनी नष्ट केल्यावर ही सबब राहत नाही. ज्याच्याकडे सापडेल, ज्याने जोडला असेल, तो गुन्हेगार, मग तो देश कितीही मोठा असो. आज ही रेघ ओढताच येत नाही, कारण ती ओढणारे स्वतः रेघेच्या पलीकडे उभे आहेत. निर्मूलन मोहिमेचे प्रमुख डी. ए. हेंडरसन शेवटपर्यंत नष्ट करण्याच्याच बाजूने होते, हे मला त्यामुळे महत्त्वाचं वाटतं. २०१६ मध्ये ते गेले. त्यांच्याइतका हा रोग फार थोड्यांनी पाहिला असेल.

दूरदेशी, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. ज्यांना लस चालत नाही अशा माणसांचा मी विचारच केला नव्हता. माझ्या मावसभावाचं मूत्रपिंड बदललेलं आहे. त्याला उद्या काही झालं तर मी औषध नाही म्हणून गप्प बसेन का? नाही बसणार. म्हणून मी माझं मत थोडं बदलते. जे प्रयोग खऱ्या विषाणूशिवाय होतच नाहीत त्यांची यादी करा, ती जगासमोर ठेवा, वेळ बांधून द्या, पाच वर्षं म्हणा. गोठा_आणि_दवाखाना म्हणतात तसं सगळं वाचून घ्या. आणि त्या दिवशी संपवा. संशोधन पूर्ण होईपर्यंत, असं २००२ पासून ऐकतोय. संशोधन कधी पूर्ण होतं, दादा? तुम्ही त्या क्षेत्रातले आहात, तुम्हीच सांगा.

आणि यादी तपासणारी माणसं फक्त त्या दोन देशांची नकोत. ढाक्याची असावीत, मोगादिशूची असावीत, पाटण्याची असावीत. बांगलादेशातल्या भोला बेटावर रहीमा बानू ही तीन वर्षांची मुलगी होती, १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये तिला झाल्या त्या निसर्गात झालेल्या जगातल्या शेवटच्या उग्र देवी. तिच्या अंगावरच्या खपल्या गोळा करून नेल्या आणि तो विषाणू अटलांटात ठेवलाय. ती बरी झाली, मोठी झाली, संसार केला. तिच्या अंगातून निघालेल्या विषाणूचं काय करायचं यावर तिला मत असू नये?


दूरदेशी (गुरुवार, पहाटे ५.२०)

ताई, प्रामाणिक उत्तर देतो. संशोधन आपणहून कधीच पूर्ण होत नाही. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की दोन नवे प्रश्न येतात, आणि ज्याच्या हातात साधन आहे त्याला ते सोडवत नाही. हे मी माझ्याच प्रयोगशाळेत पाहिलंय. तारीख बाहेरच्यांनीच घालून द्यावी लागते. पाच वर्षं आणि जाहीर यादी, यावर मी सही करेन. यादीत माझ्या मते दोनच गोष्टी याव्यात: वेगळ्या पद्धतीने काम करणारं आणखी एक औषध, आणि त्याला विषाणू दाद देईनासा होतो का याची पेशींमधली चाचणी. माकडांवरचे प्रयोग वगळावेत. प्रचंड मात्रेत दिल्याशिवाय माकडाला माणसासारखी देवी होतच नाही, त्यातून मिळणारं उत्तर कच्चं असतं.


मुक्ताई (गुरुवार, सकाळी ९.००)

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दहावीच्या मुलांसमोर हा प्रश्न ठेवला होता. एकाने विचारलं, आपण वाघ वाचवतो मग हा जीव मुद्दाम का संपवायचा? मी त्याला म्हटलं, वाघ जंगलात राहतो, हा विषाणू फक्त माणसातच राहत होता. माणसाला आजारी पाडल्याशिवाय त्याला जगायला दुसरी जागाच नाही. फक्त विसाव्या शतकातच अंदाजे ३० कोटी माणसं त्याने नेली. वर्गात शेवटी हात वर करायला सांगितले तर नष्ट करा म्हणणारे जास्त निघाले, पण तो मुलगा मात्र हात खाली ठेवून बसला. त्याचं म्हणणं, एकदा जाळलं की परत विचार करता येत नाही. मला त्याचाही मान ठेवावासा वाटला.


बेलपान (गुरुवार, सकाळी १०.४५)

कृष्णाकाठ ताई, पाच वर्षे मान्य. मी तोपर्यंत असेन किंवा नसेन.

एक विचारायचे राहिले. तुमच्या आत्यांना देवी आल्या तेव्हा गावात देवी काढणारे येत नव्हते का? मुंबई इलाख्यात तेव्हा टोचणारे फिरत असत.


कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री ९.३०)

काका, येत होते. आजीने दोघांना कणगीमागे लपवलं होतं. ताप येईल, हात सुजेल म्हणून. आजी हे कधी बोलली नाही, आत्याने मला सांगितलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर.

माझे वडील त्यानंतर चार वर्षांनी झाले. देवी काढणारे परत आले तेव्हा आजी घरात होती. आत्या दहा-अकरा वर्षांची असेल. तिने बाबांना कडेवर घेतलं आणि चावडीवर नेऊन रांगेत उभी राहिली. बाबांच्या डाव्या दंडावर चार गोल खुणा आहेत. आज संध्याकाळी मी त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ऐकताना त्यांचा हात सदऱ्यावरून त्या खुणांवरच होता.